नमुन्याप्रमाणे डिस्क, नग दोन

झुंबरराव पगाऱ्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला नंबर आहे. कुकर बारा, मिक्सर एकोणीस, लोखंडी कपाट चार. तेवीस नंबरचा पाळणा बावीस वर्षांपूर्वी समोरच्या नवसाबाईंच्या नातवासाठी गेला. तो नातू आता मिशा राखून मोटारसायकलवर कॉलेजला जातो, पण पाळणा रजिस्टरात अजून 'तात्पुरता उसनवार' म्हणून जिवंत आहे. सरकारी कचेरीच्या भांडारात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? रिटायर होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. झुंबरराव आकडे ठोकायच्या पोलादी पंचांचा एक जुना संच भंगाराच्या लिलावातून रीतसर पावती फाडून घेऊन आले. चैताली सहा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "पप्पा, माझा नंबर किती?" आणि झुंबररावांनी क्षणभर खरोखरच विचार केला होता, असं उज्वलाबाई आजही शपथेवर सांगतात.

तर ही गोष्ट आहे नंबर त्र्याऐंशीची. त्र्याऐंशी म्हणजे पिकअप. रिटायर झालेल्या माणसानं उपनगरातल्या रो-हाउसपुढे पिकअप का आणून लावावी, हे तुम्ही विचारू नका. उज्वलाबाईंनी विचारून झालंय. नामपूरच्या पुंजाआबांकडून झुंबररावांनी ती कांद्याच्या वासासकट घेतली, आणि वास काही रजिस्टरात चढवता येत नाही म्हणून तो तसाच राहिला.

मे महिन्याच्या शेवटी चैतालीच्या हातात नेमणुकीचा कागद पडला. जिल्हा परिषदेची शाळा, हरसूलच्या पुढं सहा किलोमीटरवर एक पाडा. तीन आठवड्यांनी सोमवारी हजर व्हायचं. पगाऱ्यांच्या घरातली पहिली शिक्षिका! झुंबररावांचे डोळे भरून आले, पण ते पुसायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, "टेम्पो-बिम्पो काही सांगायचा नाही. माझ्या लेकीचं सामान माझ्या गाडीतून जाईल, आणि ती माझ्या शेजारी बसून जाईल."

"घाट आहे हो," उज्वलाबाई म्हणाल्या.

"गाडी घाटासाठीच असते," झुंबरराव म्हणाले, आणि घाटाची तयारी म्हणून त्र्यंबक रोडला एक रिकामी फेरी मारून आले. त्या फेरीत त्यांनी चार वेळा ब्रेक मारला. चारही वेळा असा काही आवाज निघाला की रस्त्यात बसलेल्या म्हशी, ज्या एरवी कलेक्टरची गाडी आली तरी उठत नाहीत, त्या आपणहून उठल्या.

जेलरोडचा सोमनाथ मेस्त्री स्कूटरवर हत्यारं टाकून घरी आला. त्यानं पुढची दोन्ही चाकं उतरवली आणि आत बघून जीभ चावली. चाकाबरोबर फिरते ती लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून थांबवतात ते पॅड. इतकं झुंबररावांना त्या दिवशी कळलं. पॅड संपून नुसती पत्र्याची पाठ उरली होती.

"साहेब, पॅड गेलेत. लोखंडावर लोखंड घासतंय, डिस्क पण खाल्ली हाय. दोन्ही नवीन टाकू. मी आणतो, अर्ध्या तासाचं काम हाय."

"आणतो म्हणजे? कुठून?"

"दुकानातून."

"किती दुकानांतून?"

सोमनाथनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "एका," तो म्हणाला.

झुंबररावांना बसायला खुर्ची लागली. तेहेतीस वर्षांत त्यांनी टाचणीची डबीसुद्धा तीन दरपत्रकांशिवाय घेतली नव्हती. एकदा साहेबांच्या टेबलावरच्या घंटीसाठी दरपत्रकं मागवली होती, तर निर्णय होईपर्यंत साहेबांची बदली झाली, आणि नवीन साहेब हाक मारायचे. असा माणूस आपल्या लेकीच्या जिवाची गोष्ट एका दुकानावर सोडेल काय? त्यांनी सोमनाथला डिस्क उतरवून द्यायला सांगितल्या, पंच आणि हातोडी काढली, आणि दोन्ही तबकड्यांच्या आतल्या बाजूला आकडे ठोकले. चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी.

"आता हे काय?" सोमनाथनं विचारलं.

"नमुना," झुंबरराव म्हणाले.

गाडी पुढून लाकडी ठोकळ्यांवर चढली आणि तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारी तसे सगळीकडेच असतात, पण झुंबररावांच्या उजव्या हाताला सावळीराम राहतात, जे मनमाडच्या रेल्वे शेडमधून फोरमन म्हणून रिटायर झालेत, आणि डाव्या हाताला प्रफुल्ल राहतो, जो घरीच बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात, म्हणजे दिवसभर, व्हिडिओ बघतो.

"झुंबरराव, ब्रेकला एवढं काय घाबरता?" सावळीराम दात घासत घासत म्हणाले. "आमच्या मालगाडीला थांबायला सव्वा किलोमीटर लागायचा. आम्ही कधी घाबरलो? ओतीव लोखंडाचा ठोकळा लावा. जन्मात झिजायचा नाही."

"काका, सिरॅमिक घ्या, सिरॅमिक!" प्रफुल्ल बाल्कनीतून ओरडला. "आणि डिस्क नका म्हणू, रोटर म्हणा. अमेरिकेत सगळे छिद्रं पाडलेले रोटर वापरतात. हवा खेळती राहते. मी तुम्हाला लिंक पाठवतो."

त्यानं सतरा लिंक पाठवल्या. झुंबररावांनी सतराही बघितल्या. त्यात लाल दाढीचा एक गोरा माणूस आपली धिप्पाड पिकअप बर्फातून हाणत होता आणि पॅडचे तीन प्रकार समजावत होता. झुंबररावांनी त्यावरून वहीत तक्ता आखला. पकड, आवाज, उष्णता, धूळ, आयुष्य, शेरा. बर्फाचा रकाना त्यांनी बराच विचार करून गाळला. पुंजाआबांना फोन करून जुनी माहिती मागवली, तर आबा म्हणाले, "गाडी एक नंबर शे, दादा! मी तं ब्रेक वापरेलच नही!" हे वाक्य झुंबररावांनी शेऱ्यात लिहिलं आणि त्याखाली लाल रेघ मारली.

पॅडचा निर्णय आठव्या दिवशी झाला. धातूची भुकटी घातलेले पॅड, कारण घाटात तापले तरी पकड सोडत नाहीत. आठ दिवसांत तिघांच्या मताविरुद्ध जाऊन झुंबररावांनी अगदी योग्य वस्तू निवडली होती, हे इथे नोंदवलं पाहिजे. त्यांना आयुष्यात कुणी मूर्ख म्हटलेलं नाही. पुढचं जे झालं ते हुशारीमुळेच झालं.

पॅड झिजतात हे झुंबररावांना मान्य होतं. पण डिस्क? डिस्क म्हणजे भक्कम लोखंड. लोखंड झिजतं हे त्यांच्या अनुभवाच्या बाहेरचं होतं. भांडारातलं लोखंड तेहेतीस वर्षांत कधी झिजलं नव्हतं. फार तर गायब झालं होतं. त्यांनी सावळीरामांकडून रेल्वेचा व्हर्नियर आणला, चष्मा पुसला, आणि चौऱ्याऐंशी नंबरची जाडी मोजली. साडेएकोणीस मिलिमीटर. पंच्याऐंशीचीही तेवढीच. मग त्यांनी तीन प्रतींत पत्र लिहिलं. 'पिकअप वाहनाकरिता डिस्क, नग दोन. पुरवठा सोबतच्या नमुन्याप्रमाणे असावा. नमुन्यात व मालात फरक आढळल्यास माल स्वीकारला जाणार नाही.'

द्वारका चौकाजवळ स्पेअर पार्टच्या दुकानांची लाइन आहे. पहिल्या दुकानदारानं पत्र वाचून विचारलं, "काका, गाडीच आहे ना? की धरण बांधताय?" दुसऱ्यानं एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं दर लिहून दिला. तिसरा मात्र देवमाणूस निघाला. कपाळावर गॉगल चढवलेला हा इसम काउंटरच्या मागून उठला, त्यानं पत्र दोन्ही हातांनी घेतलं, 'बसा साहेब' म्हणाला, आणि दरपत्रकावर सही करून त्यावर गोल शिक्का मारला. शिक्का बघून झुंबररावांचं मन इतकं भरून आलं की ते घरी येऊन उज्वलाबाईंना म्हणाले, "अजून आहेत हो अशी माणसं."

तिघांनीही बघायला म्हणून डिस्क दिल्या, बिल पसंतीनंतर. झुंबररावांनी अंगणात चादर अंथरली आणि मोजमाप सुरू केलं. पहिली, बावीस मिलिमीटर. दुसरी, बावीस. तिसरी, म्हणजे देवमाणसाची, तीही बावीस. नमुना साडेएकोणीस!

"तिघांचीही एकसारखीच चूक," झुंबरराव हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे संगनमत."

"अहो, तिघंही चुकले की..." उज्वलाबाईंनी सुरुवात केली.

"तेच म्हणतोय मी! तिघं मिळून चुकतायत!"

त्याच दिवशी मालासकट तीन पत्रं गेली. 'आपण पुरवलेला माल नमुन्यापेक्षा अडीच मिलिमीटरने जास्त जाड आढळल्याने नाकारण्यात येत आहे.' खाली सही, तारीख, आणि स्वतःच्या नावापुढं कंसात 'सेवानिवृत्त'. सोमनाथला त्यांनी फोनवर हे सांगितलं. मग तो म्हणाला, "साहेब, बावीसचीच बराबर हाय. जुनी झिजलेली हाय."

"हे तू मला लेखी देशील?"

"मला लिवायचा लय कंटाळा, साहेब," सोमनाथ म्हणाला आणि तो विषय तिथंच संपला.

इकडं ठोकळ्यांवरची गाडी कॉलनीत रुळली होती. नवसाबाईंनी हौद्यात जुनी साडी अंथरून कुरडया वाळत घातल्या, कारण मांजर तिथवर चढत नाही. सावळीराम हे सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत. सकाळी ते झुंबररावांना ब्रेकवर सल्ला देत आणि संध्याकाळी त्याच झुंबररावांना नोटीस देत. 'पार्किंगची जागा वाहनांसाठी आहे. दोन चाके नसलेली वस्तू वाहन होत नाही. सबब खुलासा करावा.' झुंबररावांनी खुलासा केला की मागची दोन चाकं जागेवर आहेत, सबब ती वस्तू निम्मी वाहन होते आणि निम्म्या जागेवर तिचा हक्क पोहोचतो. सावळीराम खूश झाले. असा खुलासा सोसायटीच्या फाइलला आजवर कुणी दिला नव्हता. दोघांनी त्यावर चहा घेतला.

चैताली मात्र हसत नव्हती. शनिवार-रविवार येत-जात होते. स्वयंपाकाची भांडी, गादी, पुस्तकांची तीन खोकी, टेबलफॅन असं सामान हॉलमध्ये बांधून पडलं होतं, आणि त्या सामानाला अडखळत झुंबरराव फाइल घेऊन फिरत होते. "पप्पा, होईल ना?" तिनं एकदाच विचारलं. "प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे," झुंबरराव म्हणाले. तिनं मान हलवली. शाळेतल्या पोरांना अजून शिकवायला लागायची होती, पण समजूतदारपणे मान हलवणं तिला आतापासूनच जमत होतं.

आणि मग गॉगलवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमचं पत्र वाचलं. तुम्हाला नमुन्याप्रमाणेच पाहिजे ना? एक्झॅक्ट? मग नमुना माझ्याकडे पाठवा. तसाच माल करून देतो. एका केसाचा फरक आला तर पैसे नका देऊ."

झुंबरराव स्वतः रिक्षानं जाऊन दोन्ही डिस्क देऊन आले. पोच घेतली.

गुरुवारी दुपारी ते आडवे झाले होते. डोळा लागलेला नव्हता. आतल्या खोलीतून चैतालीचा आवाज आला, दबका. "मम्मी, मी टेम्पोवाल्या मयूरला सांगून ठेवलंय. रविवारी सकाळी सातला येईल. पप्पांना आत्ता काही बोलू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

झुंबरराव कुशीवर वळले. वाईट तर वाटलंच. भिंतीकडे तोंड करून ते बराच वेळ पडून राहिले. तेहेतीस वर्षं लोक त्यांच्या खिडकीपुढं रांग लावायचे, 'पगारेसाहेब, तेवढं द्या ना' म्हणायचे. आणि आज पोटच्या पोरीनं दुसऱ्याचा टेम्पो सांगितला, तोही चोरून, तोही बापाला लागू नये म्हणून. त्यांना तिचा राग येईना, हे सगळ्यात वाईट होतं. चहाला उठले तेव्हा त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. फक्त साखर विसरलेला चहा मुकाट्यानं प्यायले.

शुक्रवारी माल आला. नव्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, तेल लावून. मधला भाग काळाभोर रंगवलेला, बाजू लख्ख. झुंबररावांनी श्वास रोखून व्हर्नियर लावला. साडेएकोणीस! दुसरी, साडेएकोणीस! ते उठून उभे राहिले आणि सावळीरामांना, प्रफुल्लला, नवसाबाईंना, जे जे दिसले त्यांना बोलावून मोजायला लावलं. "बघा! चिकाटी धरली की माल कसा येतो बघा!" गॉगलवाल्यानं नमुन्याच्या जुन्या डिस्क भंगारात घेतल्याचं सांगून बिलातून तेवढे वजाही केले होते. त्यामुळे तोच सगळ्यात स्वस्त ठरला. झुंबररावांनी तक्त्यावर 'शिफारस करण्यात येत आहे' असं लिहिलं, आणि मंजुरी देणारे अधिकारीही आपणच आहोत हे आठवून खाली दुसरी सही केली.

शनिवारी सकाळी सोमनाथ आला. कॉलनी जमली. चैतालीही पायरीवर येऊन बसली. नवसाबाईंनी कुरडया उचलल्या. सोमनाथनं डिस्क हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं पेट्रोलमध्ये चिंधी बुडवली आणि तेल पुसायला घेतलं. तेलाबरोबर काळा रंगही निघाला.

"साहेब, ह्याच्यावर आकडा हाय."

"कंपनीचा असेल."

"चौऱ्याऐंशी."

प्रफुल्लनं फोन खिशात ठेवला.

"दुसरी पूस," झुंबरराव म्हणाले.

सोमनाथनं दुसरी पुसली. त्यानं आकडा वाचून दाखवला नाही. तशी गरजही नव्हती. इंग्रजी आठाच्या वरच्या गोलात पंच जरा घसरला होता, ती खूण झुंबररावांना दुरूनही दिसली. स्वतःच्याच डिस्क त्यांनी दरपत्रकं मागवून, तक्ता करून, दोन सह्या करून, पैसे मोजून परत विकत घेतल्या होत्या.

पहिल्यांदा नवसाबाई हसल्या. मग सगळेच. सावळीरामांना तर हसता हसता ठसका लागला. सोमनाथ तेवढा हसला नाही. त्यानं डिस्कच्या कडेवरची बारीक अक्षरं बोटानं दाखवली. "साहेब, किती उरली की फेकायची ते कंपनीनंच कोरलंय हितं. वीस. ही त्याच्याही खाली गेली. ह्याच्यावर घाट नाय उतरायचा." आणि मग हळूच म्हणाला, "ताईला घेऊन तर नायच नाय."

झुंबररावांनी चैतालीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती उठली, आत गेली आणि त्यांच्या चपला घेऊन आली. "पप्पा, जाऊन या," ती म्हणाली. "मी थांबते."

दोन डिस्क सिमेंटच्या गोणीत घालून झुंबरराव रिक्षात बसले तेव्हा ते भांडायला चालले होते. द्वारकेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात तीन तक्रार अर्ज लिहिले, त्यातला एक ग्राहक मंचाला. काउंटरवर त्यांनी गोणी आदळली. "हा माल आहे का? ही फसवणूक आहे!"

गॉगलवाला जागचा हलला नाही. त्यानं खणातून फाइल काढली. होय, त्यानं फाइल ठेवली होती! त्यातलं पत्र काढून तो शांतपणे वाचू लागला. "'पुरवठा सोबतच्या नमुन्याप्रमाणे असावा. नमुन्यात व मालात फरक आढळल्यास...' साहेब, फरक आढळला का?"

झुंबररावांनी पत्र ओढून घेऊन बघितलं. कागद त्यांचा, अक्षर त्यांचं, सही त्यांची. आयुष्यभर त्यांनी लोकांना कागद दाखवून परत पाठवलं होतं. आज कुणीतरी त्यांना कागद दाखवत होतं, आणि कागद बिनचूक होता.

"तुम्हाला माहीत होतं ना, ही झिजलेली आहे?" ते शेवटी एवढंच म्हणाले.

"साहेब, मला वाटलं फाइलीपुरतंच पाहिजे असेल. तुमच्यासारखे साहेब येतात ना, गाडी कुठंतरी शेडमध्ये असते, कागद पूर्ण झाला की झालं." त्यानं गॉगल काढून काउंटरवर ठेवला. "खरंच चालवणार आहात का तुम्ही? कुठं?"

"हरसूल. उद्या." झुंबरराव थांबले. "मुलगी बसणार आहे शेजारी. शिक्षिका म्हणून लागलीय. तिला सोडायचंय."

गॉगलवाल्याचा चेहरा उतरला. "काय राव! हे आधी लिहायचं ना पत्रात!" तो म्हणाला, आणि तरातरा आत गेला. येताना त्याच्या हातात दोन खोकी होती. "ह्या तुमच्याच. पहिल्या दिवशी दिलेल्या. बावीस मिलिमीटरवाल्या. तुम्ही परत केल्यात ना, मी बाजूला ठेवल्या. आता सांगा, कसं करू? परत दरपत्रक देऊ?"

आणि झुंबरराव पगाऱ्यांनी आयुष्यातला पहिला तोंडी आदेश दिला. "द्या हो," ते म्हणाले. "जे बसतं ते द्या." गॉगलवाल्यानं आधीचे पैसे यातच धरले आणि वरचा फरकही घेतला नाही. गोणीतल्या जुन्या डिस्क त्यानं भंगारात मागितल्या, तेव्हा मात्र झुंबररावांनी गोणी छातीशी धरली. ती त्यांच्या रजिस्टरातली वस्तू होती.

सोमनाथला अर्धा तास लागला. अठरा दिवस आणि अर्धा तास. नव्या डिस्क बसल्या, निवडलेले पॅड बसले, चाकं चढली, ठोकळे निघाले, सावळीरामांनी हिरवी झेंडी म्हणून नवसाबाईंचा टॉवेल हलवला, आणि झुंबररावांनी कॉलनीला फेरी मारून गेटपाशी ब्रेक दाबला. गाडी थांबली. नुसती थांबली, आवाज नाही, काही नाही. सावळीरामांनी तिथल्या तिथं नोटीस मागे घेतली.

"पहिलं शे-दोनशे किलोमीटर दमानं ब्रेक मारा," सोमनाथ हात पुसत म्हणाला. "आणि हे लेखी मागू नका."

रविवारी सकाळी पावणेसातला झुंबरराव अंघोळ करून, बुशकोट घालून गाडीपाशी उभे होते. सामान हॉलमध्येच होतं. त्यांनी एकाही खोक्याला हात लावला नव्हता. सात वाजले. सव्वासात झाले. टेम्पो काही आला नाही, आणि चैतालीनं मयूरला फोनही केला नाही. ती गादीची गुंडाळी घेऊन बाहेर आली आणि ती तिनं पिकअपच्या हौद्यात टाकली. "चला ना पप्पा, ऊन होईल," ती म्हणाली. "की आधी मंजुरी पाहिजे?"

झुंबररावांनी नाक शिंकरलं. कांद्याच्या वासानं, असं ते म्हणाले.

त्र्यंबक मागं पडलं आणि घाट लागला. झुंबरराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून वीसच्या वेगानं उतरत होते. मागं चार जीप आणि एक एसटी तटली होती. चैतालीनं पायाशी पडलेल्या गोणीत डोकावून बघितलं. आकडे दिसले.

"पप्पा, सगळ्यांना नंबर दिलात. माझा राहिलाच की."

झुंबररावांनी वळण पूर्ण घेतलं, गाडी सरळ केली, मग बोलले. "नंबर दिला की पुढं एक रकाना असतो. 'दिली' म्हणून. तो एक ना एक दिवस भरावा लागतो." ते समोरच बघत होते. "मला नव्हता भरायचा."

चैताली खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या वळणावर झुंबररावांनी ब्रेक दाबला, तेव्हा तिनं हळूच म्हटलं, "छान लागतोय ब्रेक."

शाळेत पोहोचल्यावर जुन्या दोन्ही डिस्क तिथंच व्हरांड्यात उतरवाव्यात असं तिच्या मनात आलं, पण पंच्याऐंशी नंबर उज्वलाबाईंनी आधीच मागून ठेवला होता. तो आता लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून काम करतो. चौऱ्याऐंशी मात्र शाळेत राहिली. शाळेला घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, तो सुट्टीत कुणीतरी नेला होता, आणि हेडसर शिट्टी मारून पोरं गोळा करत होते.

आठ-दहा दिवसांनी भर दुपारी फोन वाजला.

"पप्पा, ती डिस्क आम्ही व्हरांड्यात टांगली. हेडसर म्हणतात, ती डेडस्टॉक रजिस्टरला चढवायला पाहिजे. मला नोंद कशी करायची तेच कळत नाही. सरांनाही नीट येत नाही. सांगता का?"

झुंबरराव खुर्चीत सरळ बसले. त्यांनी टीव्ही बंद करायची खूण केली, चष्मा लावला, आणि आवाजात तेहेतीस वर्षांची जरब आणली. "लिहून घे. वस्तूचं नाव, घंटा, लोखंडी, गोल. नग, एक. कोठून प्राप्त झाली, देणगी."

"जुना नंबर आहे त्याचं काय?"

"तो शेऱ्यात. चौऱ्याऐंशी. शाळेचा नवीन नंबर वेगळा टाक. खाली हेडसरांची सही घे, तारखेसकट."

"बरं. आणि इथं मापाचा एक रकाना आहे. जाडी लिहायची का? सरांकडे पट्टी आहे. थांबा, मोजून सांगते."

"नको!" झुंबरराव इतक्या मोठ्यानं ओरडले की उज्वलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी घसा साफ केला. "जाडी राहू दे, बाळा. वाजते ना?"

उत्तरादाखल तिनं फोन तसाच हातात धरून कुणाला तरी हाक मारली, आणि पलीकडून ठण्णकन आवाज आला, मग दुसरा, आणि पाठोपाठ शाळा सुटल्याचा गलका.

"वाजते," चैताली म्हणाली.

"मग झालं," झुंबरराव म्हणाले.